दार पूर्ण उघडायला किती जागा लागते?

गेल्या महिन्यात एक बाळंतीण दाखवायला आली होती. सिझेरियन होऊन सोळा दिवस झाले होते. टाक्यांच्या उजव्या टोकाला अचानक चमक भरली होती आणि दोन दिवस झाले तरी दुखणं थांबत नव्हतं. तपासलं. जखम उसवलेली नव्हती, ताप नव्हता, पू किंवा पाणी येत नव्हतं. स्नायू ताणला गेला असावा असं वाटलं, तरी खात्रीसाठी तिला तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं आणि त्यांनीही तेच सांगितलं. मी नेहमीचा प्रश्न विचारला होता, "काही जड उचललंत का?" नवरा लगेच म्हणाला, "नाही सर, आई तिला घरात काडीसुद्धा उचलू देत नाही." ती मात्र गप्प होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मॉलमध्ये गाडीतून उतरताना झालं, डॉक्टर."

बारशाची खरेदी होती. गाडी तळघरातल्या दुसऱ्या मजल्यावर लावली. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला टेकून उभी असलेली मोठी एसयूव्ही. ही मागच्या सीटवर बाळाशेजारी. दार उघडलं ते जेमतेम दीड वीत. पोट आत ओढून, अंग तिरकं करून ती कशीबशी बाहेर आली आणि मग त्याच फटीतून वाकून, हात लांब करून, बाळाला त्याच्या कॅरियरसकट बाहेर ओढलं. चमक तेव्हाच निघाली.

खरी गंमत पुढे आहे. त्याच मजल्यावर, लिफ्टच्या अगदी समोर, चार रुंद जागा आखलेल्या होत्या. जमिनीवर गुलाबी रंगात आई आणि बाबागाडीचं चित्र. तीन जागांवर गाड्या होत्या. त्यातल्या एकीतून यांच्या डोळ्यांदेखत कॉलेजची चार मुलं हसत उतरली. चौथ्या जागेवर सुपरवायझरची प्लास्टिकची खुर्ची आणि दोन लाल कोन होते. नवऱ्याने विनंती केली तेव्हा उत्तर मिळालं, "ती व्हीआयपीसाठी ठेवलीय."

या ब्लॉगवर मी एरवी रक्तदाब, मधुमेह, अँटिबायोटिक यांवर लिहितो. पार्किंगवर डॉक्टरने का लिहावं असं काही जणांना वाटेल. पण त्या बाईंना मी जी गोळी लिहून दिली, ती पार्किंगच्या आजाराची होती. तेव्हा आज भांडायचं ठरवलं आहे.

भांडणाची सुरुवात माझ्यापासून करतो. माझ्या गाडीच्या काचेवर कित्येक वर्षं लाल क्रॉसचं स्टिकर होतं. ते चिन्ह डॉक्टरांचं नाहीच. 1960 च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायद्यानुसार ते डॉक्टरने गाडीवर लावणं हाच गुन्हा आहे, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर समजलं. तर त्या स्टिकरच्या जोरावर वॉचमन सलाम ठोकायचा आणि मी गाडी सरळ दारापाशी, जी राखीव जागा रिकामी दिसेल तिथे लावायचो. पेशंट बघायला नव्हे. सिनेमा बघायला. एकदा परत आलो तेव्हा व्हीलचेअरवरच्या वडिलांना घेऊन एक माणूस माझ्या गाडीजवळ उभा होता. तो काही बोलला नाही. काचेवरच्या स्टिकरकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी ते स्टिकर काढलं, पण तो चेहरा अजून आठवतो.

आता मुद्द्यावर येतो. राखीव जागा दिसली की आपल्याला वाटतं, हा मान आहे. लग्नातल्या पुढच्या सोफ्यासारखा. बाळ झालं म्हणून मॉलने केलेलं कौतुक. आणि मानाची जागा म्हटली की "आम्हाला का नाही?" हे ओघानेच आलं. सगळा घोळ इथेच आहे. ही जागा मानाची नाही. ती दाराची आहे. तिचा अर्थ रुंदीत आहे, जवळ असण्यात नंतर.

साधं गणित करू. आपल्याकडे गाडीसाठी आखलेली जागा साधारण अडीच मीटर रुंद असते. हल्लीच्या मोठ्या गाड्या, आरसे सोडून, 1.8 ते 1.9 मीटर रुंद आहेत. दोन गाड्या अगदी शहाण्यासारख्या मधोमध लावल्या तरी त्यांच्यामध्ये उरतात साठ-सत्तर सेंटिमीटर, म्हणजे तीन वीत. गाडीचं दार पूर्ण उघडायचं तर जवळपास एक मीटर लागतो. मध्ये खांब आला किंवा शेजारचा तिरका लावून गेला की तीन वितीची एक वीत होते. धडधाकट माणूस त्यातून निघतो, शर्टाला धूळ लागते एवढंच. पण सगळीच शरीरं तशी निघू शकत नाहीत.

सिझेरियनचंच बघा. वरून दिसते ती त्वचेवरची एक रेघ. ती आठ-दहा दिवसांत जुळते आणि घरच्यांना वाटतं, झालं, भरली जखम. त्वचेखाली चरबी, त्याखाली पोटाच्या स्नायूंवरचं जाड पांढरं आवरण, मग पोटाच्या पोकळीचं अस्तर आणि शेवटी गर्भाशयाची भिंत, एवढं सगळं उघडून पुन्हा शिवलेलं असतं. पोटाचा दाब झेलण्याचं काम त्या जाड आवरणाचं, आणि ते पुरेसं मजबूत व्हायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून आम्ही सांगतो, सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका. आता साडेतीन किलोचं बाळ आणि चार किलोच्या आसपासचं कॅरियर मिळून साडेसात किलो झाले. ते छातीशी धरून उचलणं वेगळं आणि फटीतून हात लांब करून, कंबर पिळवटून ओढणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात सगळा ताण नेमका त्या शिवणीवर येतो.

नॉर्मल बाळंतपण झालेली, किंवा अजून व्हायची असलेली बाई तरी सुटली असं नाही. आपल्या ओटीपोटाच्या खाली, समोर मध्यभागी, कमरेच्या हाडांचे डावे-उजवे भाग एका कूर्चेने जोडलेले असतात. गरोदरपणात हा सांधा सैल होतो, निसर्गाचीच योजना आहे ती. पण काही जणींना त्यामुळे इतकं दुखतं की एक पाय उचलून दुसऱ्यावर उभं राहणं म्हणजे यातना. जिना चढताना, पलंगावर कूस बदलताना, सलवार घालताना कळ निघते. सगळ्यात जास्त कळ कधी, तर गाडीतून एक पाय बाहेर टाकून मांड्या फाकतात तेव्हा. अशा बाईला आम्ही शिकवतो, दोन्ही गुडघे जुळवा, बसल्या जागी वळा, दोन्ही पाय एकदम बाहेर टेकवा आणि मग उठा. सल्ला उत्तम. फक्त दार पूर्ण उघडलं पाहिजे. दीड वितीच्या फटीत हा सल्ला कागदावरच राहतो.

हाच सल्ला मी खुबा बदललेल्या आजोबांना देतो, कमरेची नस दबलेल्या मास्तरांना देतो, गुडघा पुरता न वाकणाऱ्या आजींना देतो. या सगळ्यांचं औषध एकच: एक मीटर मोकळी जागा.

आणि मग लहान मूल. तीन वर्षांच्या मुलाची उंची सरासरी पंच्याण्णव सेंटिमीटर. बऱ्याच एसयूव्हींचं बॉनेट त्याहून उंच. मागे येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला ते मूल आरशात दिसतच नाही. गाड्यांचा वेग आणि अंतर यांचा अंदाज नीट यायला मुलांना शाळेची पहिली काही वर्षं जावी लागतात, तोवर "बघून चाल रे" या वाक्याचा उपयोग शून्य. एका कडेवर बाळ, एका हातात मोठ्याचा हात, खांद्याला पिशवी. अशी आई रॅम्पवरून, गाड्यांच्या मागून, शंभर पावलं चालत लिफ्टपर्यंत जाते तेव्हा ती केवळ नशिबावर चाललेली असते. राखीव जागा दाराजवळ हवी ती यासाठी. पावलं वाचवायला नव्हे, गाड्यांचा रस्ता ओलांडावा लागू नये म्हणून.

माझी मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिच्या बाळंतपणासाठी सौ. सहा महिने राहिली आणि मी, दवाखाना किती दिवस बंद ठेवणार, तीन आठवडे. तिथल्या प्रत्येक मोठ्या सुपरमार्केटबाहेर पालक-आणि-मूल अशा जागा असतात. दोन्ही बाजूंना पट्टे मारून मोकळी जागा सोडलेली, पायवाट थेट दारापर्यंत. मी खूश होऊन फोटो काढत होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, फार भुलू नका. इथेही सगळे यावरूनच भांडतात."

आणि खरंच. तिथे दिव्यांगांच्या जागेमागे 1970 चा कायदा आणि त्यातून आलेला परवाना आहे, आता ज्याला ब्लू बॅज म्हणतात तो. पालकांच्या जागेमागे असा कायदा नाही. ती दुकानाने दिलेली सोय. जागा खासगी, नियम दुकानाचा, फलकावर लिहिलेल्या अटी मोडल्या तर खासगी पार्किंग कंपनी दंडाची नोटीस धाडू शकते, पण पोलीस काही त्यासाठी येत नाहीत. बहुतेक ठिकाणी अट असते की बारा वर्षांखालचं मूल गाडीत हवं. आता या अटीतली खोच बघा. माझी मुलगी अडतीस आठवड्यांची गरोदर, चालताना हंसासारखी डुलणारी, पण गाडीत मूल नाही म्हणून बऱ्याच दुकानांच्या नियमात बसत नव्हती. आणि अकरा वर्षांचा, फुटबॉलचे बूट घातलेला पोरगा उडी मारून बाहेर येतो, त्याचे वडील मात्र नियमात चोख. मूल पोटातून बाहेर आलं की हक्क सुरू, असं काहीसं. नियम नात्यावर बेतला की असं होतं. तो शरीरावर बेतायला हवा.

दक्षिण कोरियातल्या सोल शहराला हे थोडं उशिरा का होईना सुचलं. 2009 पासून तिथे गुलाबी रंगाच्या, फक्त बायकांसाठीच्या पार्किंगच्या जागा होत्या. 2023 मध्ये त्या 'कुटुंबा'च्या करायला घेतल्या: गरोदर स्त्रिया, लहान मुलं घेऊन आलेले आणि वृद्ध. मला हे फार पटलं. आपल्याकडे मॉलमधल्या 'लेडीज पार्किंग'चा मला आदर आहे, रात्री एकट्या बाईला उजेडात, दाराजवळ गाडी लावता यावी हे योग्यच. पण पंचवीस वर्षांच्या तरुणीला दार अर्धं उघडलं तरी चालतं आणि तान्ह्या बाळाला घेऊन एकट्या आलेल्या बापाला चालत नाही. त्या बापाला तिथून हाकलताना मी स्वतः पाहिलं आहे. "लेडीज कुठेयत?" असं विचारून.

राखीव जागेत गाडी लावणाऱ्यांची वाक्यं मला पाठ आहेत, कारण मीही ती वापरली आहेत. "पाचच मिनिटं." ज्या पाच मिनिटांत तुम्ही आत असता, त्याच पाच मिनिटांत ती आई फेरी मारून खालच्या मजल्यावर जाते. ती परत येत नाही, त्यामुळे तुमच्यामुळे कुणाचं काही बिघडलं असं तुम्हाला कधी कळतच नाही. "रिकामीच तर होती." रिकामी असणं हेच तिचं काम आहे. अँब्युलन्स रिकामी उभी आहे म्हणून आपण तिच्यात भाजी आणायला जात नाही. "आमच्याही घरात लहान मूल आहे." असेल, पण आज ते आजीकडे आहे ना? मग तुम्ही आज पालक नाही, गिऱ्हाईक आहात. आणि सगळ्यात घातक वाक्य: "बाळ झोपलंय, राहू दे गाडीत, मी पटकन येते." राखीव जागा न मिळाल्याने, बाळाला काढण्याचा खटाटोप नको म्हणून हे वाक्य म्हटलं जातं. उन्हात उभ्या बंद गाडीचं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहा अंशांच्या आसपास चढू शकतं, काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही, आणि बाळाचं शरीर मोठ्या माणसाच्या कितीतरी पट वेगाने तापतं. यावर दुसरं काही बोलायचं नाही. बाळ गाडीत एकटं ठेवायचं नाही, एक मिनिटही नाही.

आता बाळवाल्यांनाही दोन शब्द सुनावतो, नाहीतर तुम्ही म्हणाल डॉक्टर एकाच बाजूने बोलतात. पालकांची जागा भरलेली असली तर दिव्यांगांच्या जागेत गाडी लावायची नाही. बाळ असणं ही अडचण आहे, दिव्यांगत्व नव्हे. पालकाला खालच्या मजल्यावर त्रास होतो. व्हीलचेअर वापरणाऱ्याला खालच्या मजल्यावर उतरताच येत नाही, तो घरी परत जातो. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत दिव्यांगांसाठीची जागा किमान 3.6 मीटर रुंद आणि प्रवेशद्वारापासून 30 मीटरच्या आत हवी असं लिहिलेलं आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक वापराच्या इमारती सुगम करण्याची जबाबदारी टाकली आहे, खासगी मालकीच्या इमारतीही त्यात आल्या. म्हणजे ती जागा मॉलची कृपा नाही. तिथे कुंड्या ठेवणाऱ्या व्यवस्थापनाला हे छापून दाखवा.

पण समोरच्या माणसाला झापण्याआधी थांबा. त्याच कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगता मोजलेली आहे आणि त्यातली कितीतरी बाहेरून दिसत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, पार्किन्सन्सची सुरुवात. त्या यादीबाहेरही माझा एक पेशंट आहे, बत्तीस वर्षांचा, व्यायामशाळेत जाणारा वाटेल असा. हृदयाची ताकद निम्म्याहून कमी झालेली आहे, रॅम्प चढला की धाप लागते. त्याला एका काकांनी "तरुण माणसा, लाज वाटत नाही?" असं भर मॉलमध्ये विचारलं. तेव्हा तक्रार करायची तर ती सुपरवायझरकडे करा, माणसाकडे नको. कुणाला काय झालंय हे ओळखायला मलाही स्टेथोस्कोप लावावा लागतो.

आणखी एक कडू गोष्ट. या रुंद जागेसाठी आपल्याकडे कुणी भांडत नाही याचं एक कारण असंही आहे की आपण बाळाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसतो. मांडीवरच्या बाळाला फटीतूनही काढता येतं. इंग्लंडात बाळाची सीट नसेल तर बाळाला गाडीत घालायचा विचारच कुणी करत नाही, आणि त्या सीटचे पट्टे लावायला-काढायला आईला दारातून अर्धी आत जावं लागतं, म्हणून रुंद जागेची गरज रोज जाणवते. आपला कायदाही आता तेच म्हणतो. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीतल्या कलम 194 ब नुसार चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा बाळाच्या सीटशिवाय गाडीत असेल तर हजार रुपये दंड. पण दंडासाठी नका करू. ब्रेक करकचून लागला की आईच्या हातातली कितीही माया बाळाला धरून ठेवू शकत नाही, आणि एअरबॅग उघडली तर बाळ तिच्या आणि आईच्या मध्ये सापडतं. बाळाच्या सीटमुळे अपघातातले तान्ह्या मुलांचे मृत्यू निम्म्याहून कमी होतात. सोन्याची चेन नंतर करा, आत्याला सांगा बारशाला सीट द्यायला. मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी बसवा.

त्या बाळंतिणीच्या नवऱ्याला बरोबर घेऊन मागच्या रविवारी मी त्या मॉलच्या मॅनेजरांना भेटलो. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "डॉक्टर, जागा राखीव आहे, पण लोक ऐकत नाहीत. वाद झाला की गिऱ्हाईक जातं." मी म्हटलं, वाद घालूच नका. गेटवर तिकीट देतानाच विचारा: गाडीत लहान मूल, गरोदर बाई किंवा चालायला त्रास होणारं कुणी आहे का? असेल तर गुलाबी कार्ड द्या. त्या जागेपाशी उभा असलेला पोरगा फक्त कार्ड बघेल. आजार विचारायचा नाही, पुरावा मागायचा नाही. कुणी खोटं बोलेल? बोलेल. पण तोंडाने खोटं सांगणं हे गुपचूप गाडी लावून निघून जाण्याइतकं सोपं नसतं, विशेषतः बायको शेजारी बसलेली असताना.

खिशात मोजपट्टी नेलीच होती. आम्ही तिघांनी खाली जाऊन त्या चार जागा मोजल्या. तीन बरोबर होत्या, 3.3 मीटरच्या वर. चौथी, सुपरवायझरच्या खुर्चीची, 2.4 भरली, म्हणजे साध्या जागेलाच गुलाबी रंग मारलेला. मॅनेजर ओशाळून हसले आणि शेजारची दुचाकींची रांग हलवून ती रुंद करून देतो म्हणाले. कार्डाचं "वर विचारून सांगतो." व्हीआयपींचं काय, हे मी विचारलं नाही.

निघताना ते म्हणाले, फलकावरचा मजकूर मराठीत तुम्हीच लिहून द्या, आमच्याकडे इंग्रजीतच आहे. तिथेच, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहून दिला: "बाळ, बाळंतीण, गरोदर स्त्री, आजी-आजोबा यांच्यासाठी. गाडीचं दार पूर्ण उघडता यावं म्हणून ही जागा रुंद ठेवली आहे." वाचणाऱ्यांपैकी कुणाला याहून कमी शब्दांत सुचलं तर खाली कळवा. छपाईला शुक्रवारी जाणार आहे.